रस्त्यावरचं मीठ

"मीठ आहे," डेअरीचे लोखंडेसाहेब म्हणाले आणि काचेची नळी सगळ्यांना दिसेल अशी त्यांनी वर धरली.

नळीतलं औषध टाकलेलं दूध पिवळंधमक झालं होतं. दूध चांगलं असलं तर ते विटकरी लाल होतं, दुधात मीठ असलं तर पिवळं पडतं, हे त्यांनी आधीच समजावून सांगितलं होतं. त्यामुळं आता कुणाला काही विचारायची सोय नव्हती. टेंपोच्या फळीवर तीन कॅन उभे होते. तिन्हीतलं दूध त्यांनी वेगवेगळं तपासलं, तिन्ही नळ्या पिवळ्या.

"कसलं मीठ, साहेब?" मी विचारलं. माझी जीभ पहिल्यापासून माझ्या पुढं पळते.

"खायचं मीठ, बाई. दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं, घट्टपणाच्या मापात कमी दिसतं. मग वरून मीठ टाकायचं, म्हणजे माप बरोबर येतं. ही युक्ती आम्हाला नवी नाही. पण पहिल्याच दिवशी अख्खं गाव करेल असं वाटलं नव्हतं."

माणूस तरणा होता, आवाज चढवत नव्हता, त्यानंच जास्त लागलं. पळसदऱ्याला आजवर कुणी गरीब म्हटलं असेल, अडाणी म्हटलं असेल. चोर कुणी म्हटलं नव्हतं. एकोणीस घरांच्या बाया रिकाम्या चरव्या हातात घेऊन उभ्या होत्या, आणि एकमेकींकडं संशयानं बघत होत्या.

"अजून दोन दिवस गाडी येईल," साहेब म्हणाले. "डेअरीनं तीन दिवस दिलेत. तिसऱ्या दिवशीही असंच निघालं, तर एवढा घाट चढून कोण येणार? डिझेल काय फुकट आहे?"

कॅन आमच्यासमोर परत उतरवले गेले.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या पळसदऱ्याला रस्ता होऊन जेमतेम महिना झाला होता. त्याआधी खालच्या गावाला जायचं तर डोंगराची पाऊलवाट. दूध खाली पोचेपर्यंत नासायचं, म्हणून सगळं दूध कढईत आटवून खवा करायचा. रान तोडून तोडून सरपणाला काडी उरली नव्हती, आणि खवा घेणारा व्यापारी तोंडाला येईल तो भाव सांगायचा. एवढ्यावर कुणाचं भागायचं? दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं, ते पाडव्यानंतर परत.

मग रस्ता मंजूर झाला. खडी आम्हीच वाहिली, टोपल्यानं माझ्या डोक्यावरचे केस झिजलेत. पाच किलोमीटरचा रस्ता, एका गाडीपुरता रुंद. समोरून दुसरी आली तर एकीनं मागं सरायचं. रस्ता झाला, आता नशीब फळफळलं असं आम्ही म्हणत होतो. आणि त्या रस्त्यानं सगळ्यात आधी कोण यावं? त्रिंबक मुकादम. दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीला माणसं गोळा करायला तो पायी धापा टाकत चढायचा, एखादी फेरी व्हायची. यंदा फटफटीवर आठवड्यात तीनदा आला. म्हणाला, "औंदा ट्रक दारात आणतो. बिऱ्हाड डोक्यावर घेऊन उतरायला नको."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आमचा कोयता म्हणजे मी आणि माझा नवरा भागवत. मागल्या साली आमची मंदा बरोबर होती, सहा वर्षांची. उसाचं पाचट पेटवलं होतं, तिला कळलं नाही, त्यात पाय घातला. पाय बरा झाला, पण पोर चुलीपुढं बसेना. भाकरी ताटात वाढली तरी लांब जाऊन खायची. मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, सिंधू, तू मेलीस तरी चालंल, पण ही पोर परत त्या उसाच्या फडात न्यायची नाही.

म्हणून दुधाची गाडी येणार कळल्यावर मीच घरोघर फिरले, मीच दूध मोजायचं काम अंगावर घेतलं. भागवतनं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली नव्हती. त्यानं नुसता शब्द दिला होता. "शुक्रवारी ट्रक येतोय," तो मला म्हणाला होता. "दुधाचं जमलं तर ऱ्हाऊ. न्हाई जमलं तर गपगुमान ट्रकात बसायचं. मग रडायचं न्हाई."

शुक्रवार म्हणजे डेअरीच्या तीन दिवसांतला तिसरा दिवस.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकीची चरवी स्वतः वास घेऊन, जिभेवर थेंब ठेवून कॅनमध्ये ओतली. मला काही कळलं नाही. दूध दुधासारखंच. साहेबांनी नळ्या भरल्या, औषधाचे थेंब टाकले, हलवलं. पिवळं.

त्या दिवशी मात्र तोंडं उघडली. कुणी म्हणालं, वरच्या आळीच्या बाया पाणी घालतात, त्यांच्या म्हशी एवढं दूध देतातच कशा. वरच्या आळीनं खालच्या आळीचं काढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मोजतंय कोण? मोजणारीच्या हातात समदं असतं."

माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते त्या वेळी बंद झालं. बोलली ती माझी सासू, गयाबाई. पासष्टीची बाई, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की दऱ्याच्या पलीकडची म्हैस मान वर करील. गावातल्या गुरांचं दुखणंखुपणं तीच बघायची. म्हैस अडली, कास सुजली, तर आधी गयाबाई. ती गर्दीतून पुढं आली आणि पदर कंबरेला खोचून म्हणाली, "माझ्या सुनंचं नाव घ्यायचं न्हाई. ज्या कुणी दुधात मीठ घालून गावाची अब्रू घालवली, तिची म्हैस आटंल. माझे शब्द हायेत."

तिच्या शब्दाला बाया भ्यायच्या. तिच्या पाठीमागं उभी राहून मला रडू आलं, एवढं बरं वाटलं.

दुपारी मी झऱ्यावर कॅन घासायला बसले होते. कौशल्या आली. आमच्या शेजारचीच, माझ्याच वयाची. तिची म्हैस दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या आजारपणात विकली गेली होती, तेव्हापासून चार घरच्या गोठ्यांतलं शेण काढून ती दिवस ढकलायची. तिच्या नवऱ्यानं, अंकुशनं, मुकादमाची उचल घेऊन खर्चूनही टाकली होती. त्यांचं जाणं ठरलेलं. ती घागर न भरताच माझ्याशेजारी बसली.

"सिंधू, एक सांगते. पर माझं नाव घेऊ नगंस. म्हाताऱ्या मला गोठ्यात पाय ठेवू द्यायच्या न्हाईत."

"सांग की."

"मीठ समद्याच घालतेत."

घासता घासता माझ्या हातातून कॅन सुटला.

"चोरीनं न्हाई गं. नजरंसाठी. धार काढली आन् दूध उंबऱ्याबाहेर जाणार आसलं, की चरवीत मिठाचा खडा टाकायचा. म्हंजी दुधाला, म्हशीच्या कासंला कुणाची नजर लागत न्हाई. पयल्यापासून हाये. मी रोज बघते. माझी म्हैस होती तवा मी बी टाकायची."

"पण एका खड्यानं नळी पिवळी कशी होईल?"

"एक खडा शेजारी दूध द्यायचं तवा," कौशी म्हणाली. "आता दूध कुठवर जायचं? रस्त्यानं, गाडीत बसून, शहरापतुर. किती डोळ्यांपुढून जायचं. म्हणून गेल्या दोन दिसांपासनं चांगली चिमूट टाकतेत. तुझी सासू तर दोन."

माझ्या माहेरी म्हैस नव्हती, आणि सासरी धार सासूच काढायची. गोठ्यात ती काय करते ते मी आठ-नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. साहेबांनी 'मीठ घालून लबाडी केली' म्हटलं, आणि आपण जे घालतो ते तेच मीठ, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्या लेखी ते मीठच नव्हतं.

"तुला हे सांगून काय मिळायचं गं?" मी विचारलं. "तू तर उद्या चाललीस."

"मला काय मिळायचं?" कौशी उठली, घागर झऱ्याला लावली. "मंदीचा भाजलेला पाय मीच धरला व्हता त्या दिशी, फडात. तू इसरलीस का?"

मी विसरले नव्हते. पण तिनं बोलून दाखवल्यावर मला मान वर करता येईना.

घरी आले तेव्हा भागवत अंगणात बिऱ्हाड बांधत होता. दोन पातेली, तवा, गोधड्या, कोयत्यांच्या पात्यांना गुंडाळलेलं पोतं. मंदा उंबऱ्यात बसून बघत होती. तिनं मला काही विचारलं नाही. पाय मात्र पोटाशी ओढून घेतले होते.

सासू गोठ्यात धारेला बसली होती. मी जाऊन मागं उभी राहिले. धार झाली, शेजारी द्यायचं दूध वेगळं काढून तिनं कोनाड्यातल्या गाडग्यात हात घातला.

"आत्याबाई, ते टाकू नका."

तिचा हात तसाच राहिला. "का?"

"साहेब म्हणतात ते मीठ हेच आहे."

आधी तिला कळेना. मी सगळं सांगितलं तशी ती एकदम भडकली. "म्हंजी मी चोर? पन्नास वर्सं झाली मला म्हशींत. माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. आन् कालचं पोरगं नळी दाखवतंय आन् तू मला सांगतीस?"

"चोर नाही म्हणत. पण त्या नळीला नजर कळत नाही, आत्याबाई. तिला मीठ तेवढं कळतं."

"आन् म्हैस आटली तर? ती पोर भाकरी कशासंगं खाईल? तू देशील दूध?"

"आणि गाडी नाही आली तर? ती पोर फडात जाईल. मग म्हैस कितीही दूध देऊ दे."

तिनं गाडगं उचलून मांडीवर घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "सकाळी मी काय बोलले गं सगळ्यांपुढं?"

मला कळलं ती काय म्हणतेय. मीठ घालणारीची म्हैस आटेल, हे तिचेच शब्द होते. आता शाप कुणाला लागणार होता?

"आत्याबाई, माझं कुणी ऐकणार नाही," मी म्हणाले. "मी सांगितलं तर उलट म्हणतील, मोजणारीनं पाप झाकलं. तुम्ही सांगितलं तरच ऐकतील."

"मी न्हाई सांगणार," ती म्हणाली. "उद्या कुणाची कास सुजली तर माझं नाव येईल. सर हिथनं."

तिनं चिमूट टाकली नाही. पण गाडगंही खाली ठेवलं नाही. ते छातीशी धरून ती गोठ्यात बसून राहिली. मी आत गेले आणि चुलीपुढं बसून पोटभर रडले. भागवत दारात आला, म्हणाला, "मी म्हटलं व्हतं, रडायचं न्हाई."

पहाटे उठले तर सासू अंथरुणात नव्हती. गोठ्यात पाहिलं. म्हैस होती, धार काढून झालेली होती. कोनाड्यात मिठाचं गाडगं नव्हतं. माझ्या मनात नको ते आलं. गाडगं घेऊन म्हातारी गेली कुठं? घरोघर जाऊन अजून चार खडे टाकायला तर सांगत नसेल?

उजाडता उजाडता ट्रक आला. दारात आणतो म्हणाला होता मुकादम, खरंच आणला. बिऱ्हाडं चढायला लागली. कोंबड्या, पातेली, रडणारी पोरं. आमचं बोचकंही भागवतनं वर टाकलं, मंदाला उचलून हौद्यात बसवलं. कौशी आधीच कोपरा धरून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. काय होणार ते मला कुठं ठाऊक होतं?

तेवढ्यात खालून दुधाचा टेंपो चढून आला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. बाजूला घ्यायला जागाच नव्हती. एकीकडं दरड, एकीकडं दरी. ट्रक वरच्या बाजूला, टेंपो खालच्या.

त्रिंबक मुकादम केबिनमधून वाकून ओरडला, "ओ साहेब, गाडी मागं घ्या. संध्याकाळपतुर कारखान्याला पोचायचंय."

"पाच मिनिटं," लोखंडेसाहेब म्हणाले. "आज शेवटचं आहे. तपासतो आणि जातोच."

बाया आल्या. एकेक करून चरव्या माझ्यापुढं ठेवू लागल्या. एकीच्याही तोंडाकडं बघून काही कळेना. मी मापलं, ओतलं. ट्रकवाला सारखा हॉर्न दाबत होता. सगळ्यात शेवटी सासू आली. एका हातात चरवी, दुसऱ्या हातानं पदर ओंजळीसारखा गोळा करून धरलेला. रात्रभर जागी असल्यासारखी दिसत होती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिनं चरवी ठेवली आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

साहेबांनी पहिली नळी भरली. थेंब टाकले, हलवली. मला बघवेना, मी मंदाकडं बघत होते. ती हौद्याच्या फळीवर हनुवटी टेकून नळीकडं बघत होती.

"लाल," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःलाच खरं वाटलं नसावं. त्यांनी नळी पुन्हा हलवली.

दुसरी नळी. "लाल."

तिसऱ्या कॅनमध्ये आमचंही दूध होतं. त्यांनी थेंब टाकले. रंग ठरेना. क्षणभर पिवळट दिसला, आणि मुकादमानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मग खालून वर रंग चढत गेला, विटेसारखा.

"लाल आहे," लोखंडेसाहेब म्हणाले. "बाई, कालपर्यंत काय चाललं होतं मग?"

मी काही बोलायच्या आत सासूनं पदर उघडून दाखवला. त्यात मीठ होतं. ओंजळभर खडे, काही जाड, काही बारीक, एकोणीस घरांतले. पहाटे धारेच्या वेळी आपलं गाडगं पदरात रिकामं करून ती प्रत्येक गोठ्यात गेली होती. पदर पसरून म्हणाली होती, जो खडा दुधात टाकायचा तो हितं टाक. नजर लागायची तर माझ्या म्हशीला लागू दे, शाप माझाच हाय, मीच घेते. त्या बाईपुढं मग कोण नाही म्हणणार? साहेबांना ते कुणीतरी सांगितलं. त्यांनी नळ्या धुवायचं थांबवलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"भागवत, उतर," मी म्हणाले. एवढंच तोंडातून निघालं.

तो उतरला. मंदाला घेतलं, बोचकं ओढलं. मुकादम काय काय बोलला ते जाऊ दे. आणखी पाच बिऱ्हाडं उतरली, सगळी म्हशींवाली, उचल न घेतलेली. बाकीची बसून राहिली. कौशी बसून राहिली. जिच्यामुळं हे सगळं झालं तिच्या दारात म्हैस नव्हती. तिच्यासाठी रस्त्यानं ट्रकच तेवढा आला होता. मी तिला नाव न घ्यायचा शब्द दिला होता, म्हणून नुसती फळीला हात लावून उभी राहिले. ती म्हणाली, "आवंदा मंदीला शाळंत घाल. न्हाई तर मी येऊन भांडंन."

टेंपो खालच्या वळणापर्यंत मागं गेला, ट्रक निघाला. तेव्हा सासू पुढं झाली. एकोणीस घरांचं ते मीठ तिनं मुठी भरून कौशीवरून तीनदा ओवाळलं आणि रस्त्यावर टाकलं. ट्रकची चाकं त्यावरून गेली. "लांब जातीय लेक," ती म्हणाली. कुणाला, कोण जाणे.

घरी येताना वाटेत सासू म्हणाली, "तुला कुणी सांगितलं ते मी इचारणार न्हाई. जिच्या घरी दूध न्हाई तिलाच दुसऱ्याच्या चरवीतलं दिसणार." चार पावलं चालून पुन्हा म्हणाली, "आपली म्हैस औंदा व्याली आन् पारडी झाली, तर ती कौशीच्या दारात बांध. अर्ध्या वाट्यानं सांभाळायला न्हाई. तशीच."

म्हैस आटली नाही. पारडी झाली. पण पारडी वाढायला, व्यायला चार वर्षं लागतात, आणि ती चारही वर्षं कौशी दसऱ्यानंतर ट्रकमध्ये बसली. पारडी आम्ही सांभाळायचो, ती पाडव्याला येऊन तिच्या गळ्यात घुंगरू बांधायची. सासू ती व्यालेली बघायला राहिली नाही.

पाचव्या वर्षी ती म्हैस व्याली. एका सकाळी, टेंपो यायच्या आधी, कौशी चरवी घेऊन मापाला आली. पहिलीच वेळ. माझ्यापुढं चरवी ठेवली, उजवा हात पाठीमागं. मी माप बुडवणार तेवढ्यात तिनं मूठ पुढं केली आणि चरवीवर धरली.

"टाकू का गं एक खडा?"

मी तिचा हात पकडला. मूठ उघडली तर रिकामी. तिला हसू आवरेना, मला रडू आवरेना, आणि मागं उभ्या असलेल्या बायांना आम्हा दोघींना काय झालंय ते कळेना.